डोळा 'आखडला' की स्नायू 'लुळा पडला'?

दादरची अनुवादक: तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर पालकांना द्यायचं पत्रक मराठीत करतेय. एके ठिकाणी अडलेय. डोळा एका बाजूला वळत नसेल तर डॉक्टर भुलीचे थेंब घालून, बुबुळाच्या कडेशी चिमट्याने धरून तो वळवून बघतात. सहज वळला तर स्नायूत जोर नाही (पॅरेसिस). अडला तर कुठेतरी घट्ट झालंय, व्रण धरलाय (रिस्ट्रिक्शन). मी 'आंशिक पक्षाघात' लिहिलं. मावशीने वाचलं आणि म्हणाली, "अगं बाई, पोराला लकवा झाला?"

मुलुंडचे आप्पा: 'स्नायू कमजोर' आणि 'डोळा आखडलाय'. मान आखडते, कंबर आखडते, मग डोळ्यानेच काय घोडं मारलंय?

शुद्धमती: 'कमजोर' फारसी. 'दुर्बल' लिहा.

मुलुंडचे आप्पा: शुद्धच हवं तर 'स्नायू'ही खोडा. सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९००, दोन्ही वेगळे. तिथली पेशी म्हणजे आपला स्नायू. आणि आपली पेशी म्हणजे सेल! करा दुरुस्त.

ओपीडीतून: मी तिरळेपणाची मापं घेते. प्रिझम धरून, डोळे आळीपाळीने झाकून, ६ मीटरवर आणि ३३ सेंटिमीटरवर. शब्दांचे हाल आम्हाला विचारा. आतल्या बाजूचा स्नायू मागे नेऊन शिवला आणि टाक्यातून सरकला, तर डोळा नाकाकडे येत नाही, बाहेर पळतो. "स्नायू निसटला" म्हटलं, तर एका आजोबांनी विचारलं, "कुठे पडला?" तेव्हापासून "टाक्यातून मागे सरकला" म्हणते.

गिरगावकर: पत्रकात 'चकणा' मात्र नको हं. शाळेत मला तेच म्हणायचे. आजी 'हेकणा' म्हणायची, ते का कोण जाणे लागायचं नाही. आता चकणा म्हटलं की बारमधले शेंगदाणेच आठवतात.

शुद्धमती: तो चखणा. चाखण्यावरून.

गिरगावकर: ताई, मुंबईत ते ऐकून कोण ओळखतं?

मुलुंडचे आप्पा: यावरून आठवलं. 'कानाडोळा' हा मुळात 'काणा डोळा' असणार. एक डोळा मिटून घ्यायचा, दिसलंच नाही म्हणायचं.

शुद्धमती: पुरावा?

दादरची अनुवादक: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला जातंय. 'आखडलाय' ठेवू का?

मुलुंडचे आप्पा: पुरावा कसला? काणा म्हणजे एकाक्ष, संस्कृतातच आहे…