बुद्धिबळाचे फिडे (जागतिक संघटनेचे) रेटिंग १५५० वरून १७००: वर्षभरात जमेल का?

प्रश्न: वय ३४, क्लासिकल (लांब वेळेच्या डावांचे) रेटिंग १५५०. रोज तासभर मिळतो, वर्षाला तीन स्पर्धा. किती अपेक्षा धरावी?

उंटवाला: आधी गणित. तुमचा के २० (अपेक्षेपेक्षा एक गुण जास्त-कमी झाला की रेटिंग तेवढे हलते). तुल्यबळ खेळाडूंसमोर ९ फेऱ्यांत अपेक्षा साडेचारची; साडेपाच गुण केलेत तर वाढ फक्त २०. तीन स्पर्धांत १५० हवे असतील तर प्रत्येक वेळी ९ पैकी ७. खेळ सुधारला तरी आकडा मागून येतो, म्हणून स्पर्धा वाढवा. शाळकरी पोरांशी तुलना नको, त्यांचा के ४०. आणि जुने आलेख बघून हुरळू नका: मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० खालच्यांना एकरकमी वाढ दिली, १५०० वाले बसल्या जागी १७०० झाले.

अडीचघर: ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीचे) व्हिडिओ बंद करा. अर्धा तास कोडी, पण शेवटपर्यंत मोजल्याशिवाय सोंगटी हलवायची नाही. 'मारून तर बघू' ही सवय पटावर घोडा घालवते. उरलेला वेळ स्वतःचा हरलेला डाव, आधी इंजिनशिवाय (संगणकाच्या मदतीशिवाय).

हत्तीखाना: डावाच्या शेवटाचा अभ्यासही हवा. हत्ती विरुद्ध हत्ती-प्यादे असेल तर बचावाचा हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीत धरायचा. प्यादे त्या ओळीत आले की लगेच हत्ती पार टोकाला नेऊन मागून शह. लोक घाईने आधीच खाली नेतात, मग समोरचा राजा प्याद्यापुढे सरकतो आणि सोपी बरोबरी अवघड होऊन बसते.

उंटवाला: +१. अर्धा गुण म्हणजे रेटिंगचे १० पॉइंट.