सिग्नल : खूण, इशारा की संकेत?

— ब्रिज या पत्त्यांच्या खेळातल्या बचावावरचं टिपण मराठीत आणते आहे. 'सिग्नल'ला, म्हणजे टाकलेल्या पानातून भिडूला काही सांगण्याला, 'खूण' लिहिलं, तर तपासणाऱ्यांचा आक्षेप : खूण म्हणजे लबाडी. वाक्य असं : भिडूची बदाम एक्क्याची उतारी, आपल्याकडे राणी-अठ्ठी-तिर्री, अठ्ठी टाकून 'पुढे चालू दे' अशी खूण करावी.

— आक्षेप रास्त आहे. खाणाखुणा हाताडोळ्यांनी होतात आणि नियमात बंदी आहे ती त्यांनाच. सांगायचं ते पानातूनच, तेही छुपा ठराव न करता. 'इशारा' घ्या.

— इशारा नको! 'इशारा दिला' म्हणजे धोक्याची सूचना दिली. इथे अठ्ठी हा होकार आहे. सत्ती-पंजी-तिर्रीतून तिर्री टाकली तर नकार. सरळ 'संकेत' म्हणा.

— मग कन्व्हेन्शनला, म्हणजे भिडूंनी आधी केलेल्या ठरावाला, काय म्हणाल? संकेत म्हणजे आधी ठरलेलं. उलट्या पद्धतीत लहान पान होकाराचं असतं. ते ठरवणं हा संकेत, टाकलेलं पान ही खूण. माझं मत खुणेलाच.

— रंगात किती पानं ते सांगणारा 'गणनसंकेत', होकार-नकार सांगणारा 'वृत्तिसंकेत' असे जोडशब्द तरी नीट बनतात.

— टेबलावर सगळे 'काउंट दे' म्हणतात, तेच लिहा. रंगात पानं समसंख्येने असली तर आधी मोठं मग लहान, म्हणजे मोठं-लहान, विषम असली तर लहान-मोठं, एवढं वाचकाला कळायला हवं. डमीत, म्हणजे डाव खेळणाऱ्या डिक्लेअररच्या भिडूच्या उघड्या पानांत, एका रंगाची राजा-राणी-गुलामासह पाच पानं, डमीत शिरायला दुसरी वाट नाही, आपल्याकडे एक्क्यासह तीन. भिडूने मोठं-लहान दाखवून दोन पानं सांगितली, तर डिक्लेअररकडे तीन. एक्का त्या रंगाच्या तिसऱ्या हातापर्यंत दाबायचा. भिडूकडे तीन असली तर डिक्लेअररकडे दोनच. एक्का दुसऱ्या हाताला मारायचा. घाईने मारला तर डमीची उरलेली सगळी पानं वाजतात, उशीर केला तर एक हात फुकट जातो.

— त्या मोठं-लहानला, म्हणजे 'एको'ला, 'पडसाद' मात्र करू नका. पडसादात तोच आवाज परत येतो, इथे दुसरं पान पडतं. 'उतरती' बरं.

— उतरती आणि उतारी एकाच परिच्छेदात? गल्लत होणारच. याचं जुनं नाव 'पीटर'. व्हिस्ट या ब्रिजच्या पूर्वज खेळात भिडूकडे हुकूम मागायला मोठं-लहान टाकत, त्याला 'ब्लू पीटर' म्हणत. जहाज बंदर सोडण्याआधी चढवतं त्या निशाणावरून. मग 'बावटा' का नको? तोही सगळ्यांना उघड दिसतो, पानासारखाच.

— बावटा लव्हिंथलला, म्हणजे कोणता रंग परत हवा ते सांगणाऱ्या सिग्नलला, कसा लावाल? भिडूला हुकमाने कापायला पान देताना होकार-नकाराचा प्रश्नच नसतो. हुकूम आणि चालू रंग वगळून उरलेल्या दोनांपैकी क्रमाने वरचा रंग परत हवा तर मोठं पान, खालचा हवा तर लहान. ही फर्माईश झाली.

— फर्माईश कशी? भिडूने ती मानलीच पाहिजे असं कुठे आहे?