प्रतिसाद : न मिळालेले उत्तर आणि श्रद्धा

वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही उत्तर मिळत नसेल तर श्रद्धाच कुठे तरी कमी पडते आहे, असे काही जण म्हणतात; पवित्र शास्त्राच्या आधारे हे मला मान्य करता येत नाही. शरीरातला काटा (म्हणजे सतत छळणारी पीडा) दूर व्हावा म्हणून प्रेषित पौलाने प्रभूला तीनदा विनवले, तरी तो काटा राहिला आणि त्याला केवळ कृपेचे आश्वासन मिळाले. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. त्यांची श्रद्धा अपुरी होती असे कोण म्हणेल?

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. ख्रिस्ती होण्यापूर्वीच आई-वडील, बहीण, भाऊ आणि पती गमावलेल्या रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जी निराधार स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनचा भार पुढे वाहणार होती, ती १९२१ मध्ये वारली. तरीही ५ एप्रिल १९२२ रोजी स्वतःचा अंत होईपर्यंत रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही.

प्रार्थनेला शब्दच सुचत नसतील तर बायबलमधले ८८वे स्तोत्र वाचावे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र अंधारातच थांबते. तरीही त्यातली प्रत्येक तक्रार थेट देवालाच उद्देशून आहे. आणि सांत्वनाला जाणाऱ्यांनी (चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीसुद्धा) दुःखी माणसाच्या पापाचा शोध घेऊ नये, कारण बायबलमधल्या निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाच्या मित्रांनी नेमके तेच केले आणि देवाचा कोप त्यांच्यावरच झाला.