जीटीए ६ साठी आय५-१०४०० आणि जीटीएक्स १६५० पुरेल का? आत्ता काय बदलू?

पूर्वभाग_१३

नमस्कार मंडळी. २०२१ साली जोडलेला पीसी आहे.

आय५-१०४००, सोबत आलेलाच कूलर. एच४१० बोर्ड. रॅम ८ जीबी डीडीआर४, एकच स्टिक. कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी. १ टीबी हार्ड डिस्क, एसएसडी नाही. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ४५० वॅट, कॅबिनेटसोबत आलेला. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. विंडोज १०.

प्रश्न सरळ आहे. जीटीए ६ यावर लो सेटिंगला ३० एफपीएसने (सेकंदाला ३० फ्रेम) तरी चालेल का? 'तुमचा पीसी चालवेल का' छाप साइटवर टाकलं तर 'मिनिमम पास' दाखवतंय. बजेट २५ हजार, दिवाळीच्या आत खर्च करायची तयारी आहे. दुकानात विचारलं तर सगळंच बदला म्हणतात.

घर सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला. खाली यंत्रमाग, वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, पीसी तिथेच. रेड डेड २ खेळताना मधेच मशीन आपोआप रीस्टार्ट होतं, ते वेगळंच दुखणं. त्याचाही यात काही संबंध असेल तर सांगा.

फ्रेमटाइम

आधी त्या साइटला विचारा, 'मिनिमम पास' कशाच्या जोरावर? गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख दिली ती पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स, एस यांच्यासाठी. त्यात पीसीचं नाव नाही. पीसीच जाहीर नाही तर त्याची सिस्टीम रिक्वायरमेंट कुठून येणार? फिरणाऱ्या याद्या अंदाजपंचे आहेत. आणि 'जीटीए ६ पीसी बीटा' नावाची कुठलीही फाइल उतरवू नका, तिच्यातून गेम निघणार नाही, व्हायरस निघेल.

मागचा हिशोब बघा. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर १४ एप्रिल २०१५ ला. रेड डेड २ कन्सोलवर २६ ऑक्टोबर २०१८, पीसीवर ५ नोव्हेंबर २०१९. म्हणजे एक वर्ष ते दीड वर्षाच्या वर. यंदाही तसंच होईल असं नाही, पण दिवाळीला या गेमसाठी कार्ड घेणं म्हणजे बाजारात तुरी.

तरी अंदाज बांधायला एक आधार आहे. हा गेम सिरीज एस वर चालवायचाच आहे. त्यात ८ कोअरचा झेन २ प्रोसेसर, साधारण ४ टेराफ्लॉप्सचं (गणिताच्या वेगाचं माप) ग्राफिक्स आणि एकूण १० जीबी मेमरी. तुमचं १६५० साधारण ३ टेराफ्लॉप्सचं. आर्किटेक्चर वेगळं, त्यामुळे आकडे एकाला एक लावू नका, पण ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक नाही. फरक आहे तो मेमरीत आणि डिस्कमध्ये. कन्सोलमध्ये एनव्हीएमई एसएसडी आहे आणि गेम तिच्या वेगावर विसंबून बनतो.

तुमचं मशीन अडेल ते या दोन ठिकाणी. ४ जीबी व्हीआरएएम (कार्डाची स्वतःची मेमरी) भरली की टेक्श्चर सिस्टीम रॅममध्ये सांडतात. १६५० ची स्वतःची मेमरी सेकंदाला १२८ जीबीने वाहते, पण सांडलेला माल बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या पीसीआय ३.० च्या वाटेने येतो, तिथे जेमतेम १६ जीबी. मग सरासरी ४० एफपीएस दिसली तरी दर वळणावर झटका बसतो. हार्ड डिस्कवर तर गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता आधी चिखलासारखा दिसतो आणि मग हळूहळू साफ होतो.

आणखी एक पेच. काही नवे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशाची वाट मोजून चित्र काढणं) सुरूच होत नाहीत. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि डूम द डार्क एजेस ही दोन उदाहरणं, दोन्हींची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर. जीटीएक्स १६५० मध्ये ते हार्डवेअरच नाही. जीटीए ६ च्या पीसी आवृत्तीने तीच अट घातली तर लो सेटिंगचा प्रश्नच मिटला.

होटगी_रोड

वरचं सगळं पटलं, पण भाऊ, तुमचं खरं दुखणं रीस्टार्टमध्ये आहे. गेम बाजूला ठेवा, आधी हे करा.

पीसी बंद करून कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं लेबल वाचा. मोठ्या अक्षरातल्या ४५० ला काही अर्थ नाही. '+१२ व्होल्ट' च्या खालचे अँपिअर बघा, त्याला १२ ने गुणा, तेवढीच खरी ताकद. चांगल्या ४५० वॅटच्या युनिटवर तिथे ३५ च्या आसपास अँपिअर असतात. कॅबिनेटसोबत येणाऱ्यावर बऱ्याचदा याच्या निम्मेही नसतात.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टीम. रीस्टार्टच्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं का बघा. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता गेलं. तिच्याआधी निळी स्क्रीन किंवा ड्रायव्हरची एरर नसेल तर संशय वीज नाहीतर तापमानाचा. वेगळं काढायला एचडब्ल्यूइन्फो (तापमान नोंदवणारं सॉफ्टवेअर) लॉगिंग चालू करून रेड डेड २ चा अंगचा बेंचमार्क सलग तीनदा चालवा. प्रोसेसर ९५ च्या वर जाऊन मशीन पडलं तर उष्णता. ७० ला असताना पडलं तर एसएमपीएस.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी: किती स्लॉट भरलेत ते दिसतं. ८ जीबीची एक स्टिक म्हणजे सिंगल चॅनल, २६६६ ला सेकंदाला २१ जीबी. तशीच दुसरी टाकली की ४२. सरासरी एफपीएस थोडी वाढेल, पण १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) मध्ये फरक डोळ्याला दिसेल, कारण झटके तिथेच असतात. दुकानदार ३२०० ची चांगली म्हणून गळ्यात मारेल. घ्या, पण ती चालणार २६६६ लाच, आय५-१०४०० आणि एच४१० यांची मर्यादाच ती. फरकाचे पैसे देऊ नका. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून चढलेत, म्हणून नवीन १६ चा सेट न घेता आहे तिच्या जोडीला ८ ची एक बस्स. बसवल्यावर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चा एक पूर्ण फेरा होऊ द्या. वेगवेगळ्या कंपनीच्या स्टिक कधी कधी एकमेकींशी पटवून घेत नाहीत.

पूर्वभाग_१३

लेबल वाचलं: १२ व्होल्ट, १५ अँपिअर. कार्डासाठी ८ पिनची वायरच नाही. बेंचमार्कच्या दुसऱ्या फेरीत प्रोसेसर ९८ ला गेला, कार्ड ८१, तिसऱ्या फेरीत मशीन रीस्टार्ट. खोलीत तेव्हा ३९ अंश. लॉगमध्ये ४१ नंबर आहे, निळी स्क्रीन नाही.

आरएक्स ६६०० घ्यायचा विचार होता. एका दुकानात म्हणाले, एसएमपीएस राहू द्या, मोलेक्सवरून (जुना ४ पिनी कनेक्टर) ८ पिनचं कन्व्हर्टर लावून देतो.

होटगी_रोड

कन्व्हर्टर अजिबात नको! १५ गुणिले १२ म्हणजे १८० वॅट. आय५-१०४०० थोड्या वेळासाठी १३४ वॅटपर्यंत उसळी मारू शकतो, आरएक्स ६६०० चे १३२. दोघांचे मिळून २६६, म्हणजे २२ अँपिअर, पंखे आणि डिस्क वेगळेच. मोलेक्सच्या पिना त्या भाराला तापतात, प्लॅस्टिक वितळतं, आणि जाताना एसएमपीएस कार्डालाही सोबत नेतो. ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ, ६+२ पिनची स्वतःची वायर असलेला घ्या. पहिला खर्च हा. पुढचं कार्ड कुठलंही आलं तरी हा कामाला येतो.

माग_आणि_मदरबोर्ड

खाली माग चालतात म्हणालात, म्हणून हे वेगळं लिहितो. तुमच्याकडे साधी धूळ नाही, सुताची लव आहे. धूळ फुंकली की उडते. लव पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकते, तिच्यावर धूळ बसते आणि बघता बघता तिथे टॉवेल विणून तयार! वरून पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. हवा मात्र आरपार जात नाही.

नुसता ब्लोअर मारून तो थर निघत नाही, उलट आत दाबला जातो. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कूलरच्या चार पिना सैल करून कूलर बाहेर काढा, पंखा वेगळा करा आणि लव चिमट्याने किंवा जुन्या टूथब्रशने खरवडून काढा. मग ब्लोअर. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग जातं. व्हॅक्युम क्लीनरचं तोंड बोर्डाजवळ नेऊ नका, स्टॅटिकचा धोका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराएवढी पुरे. कूलर बसवताना समोरासमोरच्या पिना दाबा आणि बोर्डाच्या मागून चारही आरपार आल्यात का बघा. एक पिन अर्धवट राहिली की तापमान होतं तिथेच.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आत कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. तुमचा तर बदलायचाच आहे.

आता ३९ अंशांचं गणित. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच वर जाते. पुण्यातल्या माणसाचा ७५ चा आकडा आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी, त्यात पत्र्याखाली, ९० होणार. म्हणून व्हिडिओत दिसणाऱ्या तापमानावर विसंबून कूलर निवडू नका. १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर घ्या, कॅबिनेटच्या रुंदीत मावतो का मोजून. पुढून आत आणि मागून बाहेर असे दोन पंखे, पुढच्याला बारीक जाळी, आणि ती जाळी दर पंधरा दिवसांनी झटका. पाण्याच्या एअर कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओल आणि लव एकत्र आली की बोर्डावर लगदा बसतो.

अर्थिंगही तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. नव्या कार्डासह तेवढ्यात भागेल, पण वीज गेल्यावर खेळत बसायला नाही, सेव्ह करून बंद करायला.

जुळे_सोलापूर

आरएक्स ६६०० का? २५ हजारात इंटेल आर्क बी५८० थोडे पैसे टाकून बसवता येईल, १२ जीबी व्हीआरएएम आहे. पुढचा विचार केला तर तेच बरं.

फ्रेमटाइम

कार्ड चांगलं, पण या मशीनवर नाही. आर्कला रिसायजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. एच४१० वर ते बायोस अपडेटनंतर मिळालं तर मिळालं, बोर्ड कंपनीच्या पानावर बघावं लागेल. शिवाय बी५८० चा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरवर त्याची कामगिरी घसरते. आरएक्स ६५०० एक्सटी तर नकोच. त्याला पीसीआयच्या चारच लेन आहेत आणि तुमचा बोर्ड ३.० चा. आरएक्स ६६०० आठ लेनचं आहे, ३.० वर किरकोळ तोटा होतो, चालतं.

पण माझं मत अजूनही तेच, कार्ड आत्ता घेऊच नका. एसएमपीएस, ८ जीबीची दुसरी स्टिक, कूलर आणि एसएसडी एवढंच घ्या. एसएसडी ५०० जीबीची पुरत नाही, १ टीबी घ्या. रेड डेड २ ला १५० जीबी लागतात. जीटीए ५ च्या २०२५ च्या नव्या पीसी आवृत्तीला १०५ जीबी, आणि तिच्या किमान यादीतच एसएसडी लिहिलीय. घेण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एम.२ स्लॉट आहे का, असेल तर सॅटा की एनव्हीएमई, हे वाचा. नसेल तर २.५ इंची सॅटा घ्या, हार्ड डिस्कपुढे तीही पक्षी आहे.

एसएसडी आली की त्याच दिवशी विंडोज ११ कोरं टाका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा प्रोसेसर ११ ला चालतो. बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ ला लागणारं टीपीएम) चालू, सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू. क्रम महत्त्वाचा. जुन्या हार्ड डिस्कवरचं विंडोज लेगसी मोडमध्ये टाकलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते उठणार नाही, म्हणून डेटा आधी बाहेर काढून घ्या. काही ऑनलाइन गेम आता सिक्युअर बूटशिवाय आत घेत नाहीत, बॅटलफील्ड ६ त्यातलाच.

आणि १६५० लगेच म्हातारं समजू नका. टेक्श्चर मीडियम, सावल्या लो, रिझोल्यूशन १६०० बाय ९०० केलं की १०८०पी पेक्षा ३० टक्के पिक्सेल कमी. गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं तंत्र) असेल तर तेही चालतं, एनव्हिडियाचं तसंच डीएलएसएस मात्र या कार्डावर नाही.

पूर्वभाग_१३

म्हणजे कार्डाचे पैसे बाजूला ठेवतो. सामान इथे नवी पेठेत घेऊ की पुणे, हैदराबाद बघू?

होटगी_रोड

एसएमपीएस आणि रॅम इथेच घ्या, बिघडलं तर दोन तासांत बदलून मिळतं. कार्डाच्या वेळी सिकंदराबादचं सीटीसी किंवा पुण्याची तपकीर गल्ली हे बाजार बघा, पण बिलावर सीरियल नंबर आणि जीएसटी पाहिजेच, आणि वॉरंटीचा माल कुठे पाठवायचा ते तिथेच विचारा. जुनं कार्ड घेतलं तर पैसे द्यायच्या आधी जीपीयू-झेड (कार्डाची खरी माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. नावापुढे 'फेक' लिहून आलं की उठून या. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ एसपी (शेडर्स) वालं विकतात, ते खरं तर ५७० च्या ताकदीचं. जीपीयू-झेडमध्ये शेडर्सचा आकडा २३०४ असेल तरच ५८०.

कूलर काढून साफ केलात की तोच बेंचमार्क पुन्हा तीनदा चालवा आणि आकडे इथे टाका. खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर तुलना करता येणार नाही.