आईला डिमेन्शिया : सांभाळणाऱ्या मुलीचा वाटा हिशेबात कसा धरायचा?

आई 76 वर्षांची, तीन वर्षांपासून डिमेन्शिया. बाबा नाहीत, तिला पेन्शन नाही. औषधं-डायपरचे पैसे दोघे भाऊ देतात, अगदी वेळेवर. सांभाळते मी. त्यासाठी शाळेतली नोकरी सोडली. पगार गेला, पीएफही थांबला. आई रात्री दोनला उठून साड्यांचं गाठोडं बांधते, ‘माहेरी जायचंय’ म्हणते. भावांच्या वहीत औषधाचं बिल येतं, ही रात्र येत नाही.

रुग्ण सांभाळायला बाई पुरवणाऱ्या ब्यूरोकडे विचारलं : बारा तासांच्या बाईचे महिना 18 हजार. आयकरातली अशा आजाराच्या उपचारखर्चाची वजावट (1961 च्या कायद्यातलं कलम 80 डीडीबी) खर्च करणाऱ्याला, तीही जुन्या करप्रणालीत. मला उत्पन्नच नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी मुलीवरही आहे, म्हणून तिकडे जायचं नाही. भांडणही नको. घर आईच्या नावावर, पण मृत्युपत्र करण्याइतकी समज तिला आता उरलेली नाही.

भाऊ बोलायला तयार आहेत. तुमच्यापैकी कुणी भावंडांत लेखी करार केलाय का? सांभाळणाऱ्याचा मोबदला ब्यूरोच्या दराने ठरवला की सुटलेल्या पगारावर? आणि त्यासाठी नुसता स्टॅम्प पेपर चालतो, की नोटरीही लागते?