निनावी फोटो टाकताना आणखी काय पुसावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मला काही फोटो नाव न कळू देता टाकायचे आहेत. एक्झिफबद्दल माहिती आहे: फोटोच्या फाइलमध्येच तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा जातात. २०१२ मध्ये अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात लपल्याचं अशाच एका फोटोमुळे उघड झालं होतं, तेव्हा ही भीती काल्पनिक नाही.

मी एक्झिफटूलने सगळं साफ करतो. (हे टूल मूळ फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवतं. परवा घाईत तीच पाठवणार होतो!) फाइलचं नावही बदलतो, कारण त्यात बहुतेक वेळा तारीख-वेळ असते.

आता खरी अडचण. फोटो कापला तरी काही सॉफ्टवेअर फाइलच्या आतला छोटा थंबनेल (फोटोची लहान झलक) जुनाच ठेवतात असं वाचलं. तो राहिलाय का हे कसं तपासता? स्क्रीनशॉट काढून तोच पाठवणं जास्त सुरक्षित, की उगाच समाधान? चेहरे आणि पाट्या मी ब्लर न करता काळ्या पट्टीने झाकतो. ब्लरवर माझा विश्वास नाही.

आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या सूक्ष्म नॉइझवरून (फोटोत उमटणाऱ्या बारीक दाणेदार खुणांवरून) दोन फोटो एकाच कॅमेऱ्याचे आहेत हे ओळखता येतं म्हणे. माझ्या खऱ्या नावाने टाकलेले फोटोही याच फोनचे आहेत. आकार बराच लहान केला तर ती खूण पुरेशी पुसट होते, की वेगळा फोनच वापरावा? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.