घरी शिकणारा मुलगा सव्वाआठ वर्षांचा, अजून वाचत नाही. थांबायचं की हालचाल करायची?

चिंचेखाली

तीन वर्षांपूर्वी पुणं सोडून आम्ही चिपळूणच्या पुढे एका गावात राहायला आलो. मुलगा शाळेत कधी गेलेला नाही, आम्हीच घरी शिकवतो. तोंडी हिशेब झकास. चार डझनी पेट्या किती, पाच डझनी किती, एकूण आंबे किती, हे माझ्याआधी सांगतो. गोष्टी तासन्‌तास ऐकतो आणि ऐकलेली गोष्ट शब्दाला शब्द परत सांगतो. वाचन मात्र होत नाही.

मुळाक्षरं बहुतेक ओळखतो. घ-ध आणि भ-म यांत अडकतो. बाराखडी गाण्यासारखी म्हणतो, पण मधलंच 'कु' दाखवलं की क, का, कि, की असं पायरी पायरीने चढत तिथवर यावं लागतं. पुस्तक हातात दिलं की चित्र बघून गोष्ट रचतो. कितीतरी महिने मी त्यालाच वाचन समजत होते. मग एकदा चित्रावर हात ठेवला आणि तो गप्प झाला.

परवा 'गणित' लिहून दिलं, तर 'गिणत' वाचलं. चूक दाखवल्यावर म्हणाला, "वेलांटी आधी येते, मग आधी का नाही म्हणायची?" मला उत्तर सुचलं नाही.

नवऱ्याचं मत, वेळ आली की वाचेल. सासूबाई म्हणतात, नाव घाला शाळेत. मी आतापर्यंत नवऱ्याच्या बाजूने होते. पण हल्ली शंका येते की आपण थांबलोय ते विचाराने, की थांबणं सोयीचं आहे म्हणून? दोन्ही बाजूंचं ऐकायचंय. घरी शिकवणं बरोबर की चूक, हा वाद मात्र कृपया इथे नको.

मोकळं रान

ताई, थांबा. माझी थोरली साडेनऊ वर्षांची होईपर्यंत वाचत नव्हती. मग एका पावसाळ्यात अशी सुटली की आता जेवताना पुस्तक काढून घ्यावं लागतं. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते. न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या आणि सातव्या वर्षी वाचन शिकायला लागलेल्या मुलांची तुलना केली होती. अकराव्या वर्षाच्या सुमारास वाचनाच्या वेगात फरक उरला नव्हता, आणि आकलनात उशिरा सुरू केलेली मुलंच थोडी पुढे होती. तुमचा मुलगा गोष्टीत रमतो, हिशेब करतो. रोज पुस्तक पुढ्यात टाकलंत तर गोष्टींचाही कंटाळा येईल. शाळेत नेमकं तेच होतं, म्हणून तर आपण बाहेर पडलो ना?

खडूफळा

असहमत. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं पहिली-दुसरी शिकवली, त्या हक्काने बोलतो.

रानवाले, तुम्ही सांगता त्या अभ्यासातल्या मुलांना सातव्या वर्षी वाचायला *शिकवलं* होतं. ती आपोआप वाचायला लागली नव्हती. बोलणं आपोआप येतं. वाचणं कुणीतरी दाखवावं लागतं, मग ते शाळेत दाखवा नाहीतर चिंचेखाली.

ताई, आता कामाचं. बाराखडी म्हणवून घेणं आजपासून बंद. ती पाठ होते आणि शिक्षकाला वाटतं आलं. तुमच्या मुलाला चाल येते, चिन्ह येत नाही. क ते ज्ञ हा क्रमही सोडा. हा क्रम उच्चारस्थानावर बेतलेला आहे आणि त्यामागे मोठी बुद्धी आहे, पण तो वाचन शिकवण्यासाठी रचलेला नाही. ख, घ, छ, झ येईपर्यंत पोराला एक धड वाक्य वाचता येत नाही. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी आणि त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने अक्षरांचे छोटे गट करून, लगेच शब्द आणि वाक्यं वाचायला देऊन शिकवलं. आम्हीही पुढे तसंच करू लागलो. म, ल, क, र, त आणि काना घ्या. मका, काम, माल, ताक, लाल, तारा, कमल. चार दिवसांत 'मला ताक' वाचतो. स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य पोराला जे देतं ते तुमच्या शाबासकीने मिळत नाही.

वेलांटीचं असं करा. लग्नपत्रिकांचा जाड कागद कापून अक्षरं एका रंगात आणि काना-मात्रा-वेलांट्या दुसऱ्या रंगात काढा. 'ण' ठेवा, म्हणवा. मग पहिली वेलांटी आणून त्याला चिकटवा, म्हणवा 'णि'. काढा, 'ण'. परत लावा. वेलांटी कुणाची आहे हे हाताला कळलं पाहिजे. मग 'ग' आणा आणि णि-जोडी फोडू न देता पुढे ठेवा, शेवटी 'त'. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर सरळ द्या: "तुझं बरोबर आहे. लिहिताना आधी, बोलताना नंतर. लिहिणाऱ्यांनी असं ठरवलंय." रफाराला याहून जास्त ओरडेल, तयारी ठेवा. 'सूर्य' मध्ये र् आधी बोलायचा आणि तो बसलाय य च्या डोक्यावर!

च, ज, झ लगेच नकोत. 'चार गाईंना चारा चार' हे मोठ्याने वाचून बघा. पहिला चार चहातल्या च चा, शेवटचा चमच्यातल्या च चा, आणि लिहायला अक्षर एकच.

रोज 15 मिनिटं. सोळावं नको.

सरळसोट

वाद नको म्हणालात तरी लिहितो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य म्हटलंय. तुम्ही हौस म्हणून गावाकडे गेलात, भोगतंय पोर. शाळेत असता तर बाईंनी दुसरीतच ओळखलं असतं.

चिंचेखाली

@सरळसोट, ज्या कलमाबद्दल बोलताय त्यात न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, हेही वाचलं असेलच. धाग्याचा विषय तो नाही.

खडूफळा

सरळसोट, बाईंनी ओळखलं असतं म्हणता? 'असर' म्हणजे मुलांचं वाचन-गणित तपासणारी देशव्यापी पाहणी. तिच्या 2022 च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 20.5 टक्के होती. बाकीची शाळेतच होती. माझ्या वर्गात 43 पोरं असायची. शेवटच्या बाकावरचा एखादा पाठ करून वाचल्यासारखं करतोय, हे मला दिवाळीनंतर कळायचं. कधी कधी कळायचंच नाही. त्या पोरांची तोंडं अजून आठवतात.

उजळणी

मी विशेष शिक्षिका आहे. अध्ययन अक्षमता (बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाणं) असलेल्या मुलांबरोबर काम करते. मोकळं रान यांच्याशी माझा मतभेद खडूफळा गुरुजींपेक्षा जास्त आहे, आणि गुरुजींशीही थोडा आहे.

या वयात दोन मुलं बाहेरून अगदी सारखी दिसतात. एकाला नीट, सलग कुणी शिकवलेलंच नसतं. दुसऱ्याला शिकवूनही बसत नाही. पहिल्याला गुरुजींची कापलेल्या कागदाची अक्षरं पुरतात. दुसऱ्याला तीच गोष्ट दहापट वेळा आणि वेगळ्या बांधणीने द्यावी लागते. नुसतं बघून मला फरक सांगता येणार नाही, आईलाही येणार नाही. शिकवून बघावं लागतं आणि लिहून ठेवावं लागतं. घरी शिकवण्यात अडचण होते ती इथे. शेजारच्या बाकावर दुसरं मूल नसतं, त्यामुळे पोर हळू चाललंय की थांबलंय हे कळायला मोजमाप नसतं. म्हणून वही करा. तारीख, कोणते दहा शब्द दिले, किती वाचले, कुठे अडला. बस.

वाचनाआधीच्या काही गोष्टी तोंडी तपासा, कागद नको. 'कपाट' मधला 'क' काढला तर काय उरतं? 'पाट' म्हणतो का? 'ताक' शी जुळणारा शब्द सांग, म्हटल्यावर 'नाक', 'राख'? ('राख' चालणार नाही, पण त्याला ते ऐकू येतं का ते बघायचंय.) ओळखीच्या वस्तूंची चित्रं भराभर दाखवली तर नावं पटापट येतात की जिभेवर अडतात? घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, पुष्कळदा घराण्यात असतो.

हे काहीही असलं तरी आधी कान आणि डोळे. पडसं वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू येतं पण बारीक फरक निसटतो. त-थ, ब-भ सारखे ऐकू येत असतील तर कुठलं अक्षर कुठल्या आवाजाचं यातही गोंधळ होणार.

अक्षरं उलटसुलट होण्याने घाबरू नका, सातव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलं करतात. आणि मराठीला वेळही जास्त लागतो, चिन्हंच किती! सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर काम केलंय. तिथेही सगळी अक्षररूपं पक्की व्हायला प्राथमिक शाळेची कितीतरी वर्षं जातात, इंग्रजीच्या 26 अक्षरांसारखं ते वर्षात उरकत नाही. म्हणजे तुमचा सव्वाआठचा मुलगा जोडाक्षरांत अडत असता तर मी शांत राहिले असते. तो साध्या वेलांटीत अडतोय, ते मला शांत राहू देत नाही.

मोकळं रान

आणि मग काय, प्रमाणपत्र? आठ वर्षांच्या पोराच्या कपाळावर 'अक्षम'? आपल्याकडे तपासणी म्हणजे काय ते बघितलंय. पुतण्याला दोन तास परक्या बाईसमोर बसवलं, घरी येऊन म्हणाला, "मी नापास झालो का?" नावाला एक शब्द मिळाला, पुढे शिकवायला कुणी मिळालं नाही. तालुक्याच्या गावात विशेष शिक्षक कुठून आणणार? पुण्या-मुंबईचे सल्ले पुण्या-मुंबईत ठेवा.

उजळणी

शिक्षक मिळत नाहीत हे शंभर टक्के खरं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रमाणपत्राचं तसं नाही. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत ते आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच द्यायचं आणि 14 व्या व 18 व्या वर्षी पुन्हा तपासायचं असं होतं. त्याचा उपयोग परीक्षेत जास्तीच्या वेळेसाठी, लेखनिकासाठी. हा मुलगा उद्या मुक्त विद्यालयातून दहावी देणार असेल तर लागेल. आज लागतो तो अहवाल. त्यात *कुठे* अडतंय ते लिहिलेलं असतं आणि ते आईला घरी वापरता येतं. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हे घर ठरवेल.

आणि दादा, तुमची मुलगी सुटली याचा आनंदच आहे. पण न सुटलेल्या मुलांचे पालक धागे काढत नाहीत. कोनी ज्यूल यांनी 1988 मध्ये टेक्सासमधल्या 54 मुलांवरचा अभ्यास मांडला होता. पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता 88 टक्के निघाली. मुलं थोडी होती, भाषा इंग्रजी होती, मान्य. तरी 'आपोआप' हा शब्द मी जपून वापरते.

जर्सीतली मावशी

आमच्याकडे न्यू जर्सीत घरी शिकवायला कुणाची परवानगी लागत नाही, पण गरज वाटली तर सरकारी शाळांच्या डिस्ट्रिक्टला पत्र लिहून तपासणी मागता येते. आम्ही मागितली. दोन लिप्यांबद्दल एक विचारते, मुलाला इंग्रजीही चालू आहे का? आम्ही एकदमच दोन्ही केलं आणि खिचडी झाली. जी भाषा घरात बोलता तिची लिपी आधी, हे मला उशिरा कळलं.

ढ गोळा

म्हणतात की ब्राह्मीपासून बाकी सगळी अक्षरं बदलली, 'ढ' तसाच राहिला, म्हणून न शिकणाऱ्याला ढ म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण हे नाव मी चौथीपर्यंत वापरलंय, म्हणून इथेही घेतलंय.

मला डिस्लेक्सिया आहे हे 26 व्या वर्षी कळलं. तोवर घरचे थांबलेच होते, रानसाहेब. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही, प्रेमाने थांबले. मी काय करायचो सांगतो. शेजारच्याला आधी वाचायला लावायचो आणि पाठ करायचो. हॉटेलात 'तू मागवशील ते' म्हणायचो. एसटीची पाटी वाचता यायची नाही म्हणून कंडक्टरला विचारायचो आणि चष्मा विसरलो असं सांगायचो. मला चष्मा नाही. मूल वाचत नाही तेव्हा ते रिकामं बसलेलं नसतं, लपवायला शिकत असतं. ताई, तुमच्या मुलाने चित्र बघून गोष्ट रचली ना? हुशार आहे. मीही होतो.

शब्द मिळाल्यावर मला अपमान वाटला नाही. मी घरी जाऊन झोपलो, दुपारची, चार तास.

मोकळं रान

ढ गोळा, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. तरी माझं म्हणणं पूर्ण सोडत नाही. मूल पाणी प्यायला आपणहून येतं, त्याला हौदात ढकलायचं नसतं. पण कान-डोळे तपासायला हरकत नाही. वहीलाही नाही. पोराला दाखवू नका एवढंच.

चिंचेखाली

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

नवऱ्याशी भांडण झालं, मग ढ गोळा यांचा प्रतिसाद वाचायला दिला. तो बराच वेळ बोलला नाही, आणि नंतर म्हणाला की त्याचे काका सही करायला सांगितलं की हात दुखतोय म्हणायचे.

डोळे ठीक आहेत. डाव्या कानात पाणी निघालं, औषध चालू आहे, महिन्याने परत दाखवायचंय. वाचनाचं सगळं खापर कानावर फोडायला मन धावलं होतं, पण डॉक्टरांनी तसं म्हटलेलं नाही. पुढच्या महिन्यात मुंबईला तपासणीची वेळ मिळालीय. @जर्सीतली मावशी, हो, नवरा त्याला इंग्रजीही शिकवत होता. सध्या बंद केलंय.

चुलतदिराच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका कापल्या. अक्षरं निळी, वेलांट्या लाल. वहीतली पहिली नोंद: वेलांटीचे दहा शब्द, दोन बरोबर. काल: दहात पाच. 'किती' चुकला, 'हिरवा' आला. @उजळणी, 'कपाट' मधला 'क' काढला की 'पाट' नाही सांगता येत. 'कपाटातून काय काढू?' म्हणाला आणि उठून कपाटाकडे गेला.

@मोकळं रान, वही दाखवायची नव्हती, पण त्याला सापडली. आकडे त्याला कळतात. दोन आणि पाच बघून मला म्हणाला, "म्हणजे अजून पाच पेट्या भरायच्या."

खडूफळा

'किती' चुकणारच. एका शब्दात दोन वेलांट्या, एक आधीची, एक नंतरची. आठवडाभर दुसऱ्या वेलांटीचे शब्द बाजूला ठेवा. आणि 15 मिनिटं पाळताय ना?

चिंचेखाली

वीस होतात, गुरुजी. तोच उठू देत नाही.

खडूफळा

15.